ऊन पाण्याचे गाव



आपल्या कोकणात उन्हाळे, उन्हवरे अशी गावे आहेत. खानदेशात उनपदेव आहे, नांदेडच्या किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे. जमिनीतून ऊन पाणी वर आले की आपल्या पूर्वजांनी त्या जागेला तेच नाव देऊन टाकले. सातासमुद्रापलीकडच्या लोकांनीही नेमके असेच केले. मेक्सिको देशात ग्वानाह्वातो नावाच्या राज्यात आतोतोनिल्को हे एक लहान गाव आहे. तेथल्या जुन्या नाहुआत्ल भाषेत 'आत्ल' म्हणजे पाणी, 'तोतोन्की' म्हणजे ऊन आणि शेवटचा 'को' म्हणजे ठिकाण. आतोतोनिल्को म्हणजे सरळ सरळ ऊन पाण्याचे ठिकाण!

आज तुम्हाला या गावाची घरबसल्या यात्रा घडवायची आहे. गाव पाहण्यासारखे आहेच, पण त्या गावाच्या पाण्याची हकिकत आपल्या विहिरींच्या अगदी जवळची आहे.

ओळखीची झाडे, ओळखीची पिके

आपल्याकडे सूर्य मावळतो तेव्हा मेक्सिकोत पहाट होत असते. घड्याळाचा फरक साडेअकरा तासांचा. राजधानी मेक्सिको शहराच्या उत्तर भागात एक भले मोठे बसस्थानक आहे. तेथून सान मिगेल दे आयेंदे या गावाची बस मिळते. प्रवास चारेक तासांचा. सान मिगेल हे जुने, चढउताराच्या दगडी गल्ल्यांचे शहर. गुलाबी दगडाचे उंच चर्च लांबूनच दिसते. परदेशी पाहुण्यांची तेथे वर्दळ असते. आपण मात्र तेथे फार न रेंगाळता गावगाडीत बसायचे. 'एल सांतुआरियो', म्हणजे 'देवस्थान', अशी पाटी पाहायची. उत्तरेला चौदा-पंधरा किलोमीटर गेले की आतोतोनिल्को येते.

खिडकीबाहेर पाहिलेत तर परदेशात आल्यासारखे वाटणार नाही. बांधावर घायपात आहे, फड्या निवडुंग आहे. काटेरी मेस्किते झाडे आहेत. आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो तिच्याच गोतातली. पाऊस वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटर, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे आपल्या अवर्षणप्रवण पट्ट्याचा सख्खा भाऊच म्हणा ना! उंची मात्र समुद्रसपाटीपासून १९०० मीटरच्या आसपास, म्हणून रात्री गार असतात.

पिकांचे तर विचारूच नका. मका मूळचा मेक्सिकोचा. ठेच्यातली मिरची तिकडचीच. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही तिकडूनच आला. आणखी एक नाते ज्येष्ठ शेतकऱ्यांना आठवत असेल. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले. त्यात 'लेर्मा रोहो' आणि 'सोनोरा ६४' या जाती होत्या. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत केलेल्या कामाचे ते फळ. त्या कामासाठी त्यांना १९७० साली नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. लेर्मा हे मेक्सिकोतल्या एका मोठ्या नदीचे नाव आहे. आतोतोनिल्कोजवळून वाहणारी लाहा नदी पुढे याच लेर्मा नदीला मिळते.

भगिनींसाठी मुद्दाम सांगतो. तिकडे रोजच्या जेवणात मक्याची पातळ भाकरी असते, तिला तोर्तिया म्हणतात. पण मका नुसता दळत नाहीत. आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर भिजू देतात, मग धुऊन ओला वाटतात. त्याने साल सुटते, पीठ चिकट होऊन भाकरी मोडत नाही आणि मक्यातले अडकून राहिलेले एक जीवनसत्त्व शरीराला मिळते. मका युरोपात गेला तेव्हा ही युक्ती बरोबर गेली नाही, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा कातडीचा व बुद्धिभ्रमाचा रोग झाला. निवडुंगाची कोवळी पानेही तेथे काटे काढून, चिरून, कांदा-मिरची घालून भाजीसारखी खातात.

बाहेरून साधे, आतून रंगलेले

गाव काही शे वस्तीचे. एक रस्ता, दोन्ही बाजूंना बैठी घरे, आणि मधोमध देवस्थान. चर्चच्या भिंती उंच, पांढऱ्या, कसलाही नखरा नसलेल्या. बाहेरून एखादी गढी वाटावी. आत पाऊल टाकले की डोळे दिपतात. जमिनीपासून छतापर्यंत बोटभरही जागा मोकळी नाही. येशू ख्रिस्ताच्या जीवनातले प्रसंग, देवदूत, सैतान, ओव्या, वचने यांनी भिंती भरून गेल्या आहेत.

हे देवस्थान फादर लुईस फेलिपे नेरी दे आल्फारो यांनी १७४० साली बांधायला घेतले. ते १७७६ पर्यंत चालले. त्याच वर्षी फादर आल्फारो वारले. चित्रे काढली मिगेल आन्तोनियो मार्तीनेस दे पोकासांग्रे या तिथल्याच चित्रकाराने, आणि त्यासाठी आयुष्याची तीसेक वर्षे दिली. सांगतात ते असे, की ऊन पाण्याच्या कुंडांवर लोक स्नानाला जमत, तेथे जुने विधी आणि मौजमजा चाले, ती फादरांना रुचेना. एकदा मेस्कितेच्या सावलीत त्यांना झोप लागली. स्वप्नात काट्यांचा मुकुट घातलेला ख्रिस्त आला आणि त्याने येथे आपले स्थान बांध असे सांगितले. आपल्याकडच्या देवस्थानांच्या कथांत दृष्टान्त असतो, तसाच हा म्हणायचा.

२००८ साली सान मिगेल शहर आणि हे देवस्थान यांची युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. पण हे नुसते पाहण्याचे ठिकाण नाही, चालते-बोलते तीर्थ आहे. दूरदूरची खेडूत मंडळी आठवडाभराच्या व्रतासाठी येतात, दगडी फरशीवर झोपतात, मौन पाळतात. दाराशी दुकानांत जपमाळा मिळतात, तसे काट्यांचे मुकुट आणि अंगावर मारून घ्यायचे दोरखंडही मिळतात. ईस्टरच्या आधी दोन आठवडे येथली ख्रिस्ताची मूर्ती रेशमी वस्त्रांत गुंडाळून, रात्रभर पायी चालत सान मिगेलला नेतात. पहाटे लोक रस्त्यावर फुलापानांचा सडा घालून वाट पाहत उभे असतात. पालखीसाठी अंगण सारवून रांगोळी घालणाऱ्या आपल्या मायबहिणींना हे वेगळे सांगायला नको.

मेक्सिकोच्या इतिहासातही या गावाला मानाचे पान आहे. शेजारच्या दोलोरेस गावचे पाद्री मिगेल इदाल्गो यांनी १६ सप्टेंबर १८१० रोजी स्पॅनिश सत्तेविरुद्ध बंडाची हाक दिली. त्यांची शेतकरी-मजुरांची फौज सान मिगेलकडे जाताना आतोतोनिल्कोला थांबली. चर्चमधले ग्वादालुपे मातेचे चित्र त्यांनी उचलले आणि तेच बंडाचे निशाण झाले. पुढच्या वर्षी इदाल्गोंना देहदंड झाला, पण १८२१ साली देश स्वतंत्र झाला.

आम्हा विस्तार खात्यातल्या लोकांना इदाल्गोंबद्दल आणखी एका कारणाने आपुलकी वाटते. या पाद्रीबुवांनी गावकऱ्यांना द्राक्षाचे वेल लावायला, तुती लावून रेशमाचे किडे पाळायला, मधमाश्या ठेवायला आणि मातीची भांडी करायला शिकवले होते. स्पेनहून येणाऱ्या मालाशी स्पर्धा नको, म्हणून वसाहतीत द्राक्षवेली आणि ऑलिव्ह यांच्या लागवडीवर सरकारची बंधने होती. शेतकऱ्याने काय पिकवावे हे दुसऱ्याने ठरवायचे, हे दुखणे जुनेच आहे.

पाणी ऊन का होते?

आता कुंडाकडे जाऊ. सान मिगेल ते दोलोरेस रस्त्याच्या कडेला तीन-चार ठिकाणी स्नानाची सोय आहे. ताबोआदा, एस्कोन्दिदो, ला ग्रुता ही त्यांतली नावे. ला ग्रुता म्हणजे गुहा. कमरेएवढ्या ऊन पाण्यातून बोगद्याने आत जायचे. आत गोल घुमटाची खोली, आणि वरून गरम पाण्याची धार खांद्यावर पडते. दिवसभर चाललेल्याचा शीण उतरतो. मात्र रक्तदाबाचे किंवा हृदयाचे दुखणे असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी अशा पाण्यात बसू नये. धडधाकट माणसानेही एका वेळी पंधरा-वीस मिनिटेच बसावे, वर येऊन गार पाणी प्यावे. हा नियम वज्रेश्वरीला तसाच आतोतोनिल्कोला.

हे पाणी कोण तापवते? पावसाचे थोडे पाणी खडकाच्या भेगांतून खोल, फार खोल उतरते. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढते. मध्य मेक्सिको हा ज्वालामुखींचा प्रदेश, तेथे ती काही ठिकाणी त्याहून जास्त वाढते. पाणी तापते, खडकातले क्षार विरघळवून घेते आणि एखादी मोठी भेग सापडली की खालच्या दाबाने पुन्हा वर येते. तोच आपला ऊन झरा.

या प्रवासाला वेळ किती लागतो? पाच-दहा वर्षे नव्हेत. आतोतोनिल्कोच्या खोऱ्यातल्या खोल पाण्याचे वय शास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा काही ठिकाणी ते हजारो वर्षांचे निघाले, दहा हजार वर्षांच्या घरातले. म्हणजे माणूस शेती शिकत होता त्या काळी पडलेला पाऊस आज कुंडात अंगावर येतो! देवाच्या घरची ठेवच ती. ठेवीवरचे व्याज खाल्ले तर पिढ्यान्‌ पिढ्या पुरते. मुद्दलाला हात घातला की काय होते, ते त्याच खोऱ्यात पाहायला मिळते.

ठेवीला हात लागला

गेल्या साठ-सत्तर वर्षांत या खोऱ्यात खोल नळविहिरी झाल्या. आज त्यांची संख्या हजारांत आहे. जमीन चांगली, हवा थंड, आणि अमेरिकेची बाजारपेठ ट्रकच्या टप्प्यात. ब्रोकोली, लेट्यूस यांसारख्या भाज्या निर्यातीला लागल्या आणि दुभत्या जनावरांसाठी बारमाही लसूणघास. लसूणघासाची तहान तुम्हाला सांगायला नको. त्यात शेतीपंपाची वीज सवलतीची, रात्रीची त्याहून स्वस्त. पंप चालू ठेवायला मन कचरत नाही आणि बंद करायची आठवण राहत नाही.

परिणाम व्हायचा तो झाला. भूजलाची पातळी काही भागांत दरवर्षी दोन ते तीन मीटरने खाली जाऊ लागली. कागदावर नव्या विहिरींना बंदी आहे, परवान्याचा कायदा १९९२ पासून आहे. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ग्वानाह्वातो राज्याने शेतकऱ्यांच्या भूजल समित्याही स्थापन केल्या. पण समित्यांच्या हाती सल्ला देण्यापलीकडे अधिकार नव्हता. ज्याच्याकडे पैसा होता तो आणखी खोल गेला. ज्याची पाइप जुनी आणि आखूड त्याची विहीर आटली, आणि मोठ्या शेतावर मजुरीला जाणे त्याच्या नशिबी आले. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

पण त्याहून वाईट गोष्ट डोळ्यांना न दिसणारी आहे. वरचे, पावसाचे ताजे पाणी संपत गेले आणि पंपातून खालचे जुने, ऊन पाणी येऊ लागले. तेच ज्यात हजारो वर्षे खडक मुरला आहे. त्यात फ्लोराइड आले, काही ठिकाणी आर्सेनिक म्हणजे सोमलही आले. खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसू लागले. जे पाणी अंगावर घेतले तर औषध, तेच रोज पोटात गेले तर विष, अशी गत झाली.

त्या खोऱ्यातले लोक मात्र हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. खेड्यांतल्या बायाबापड्यांनी पुढाकार घेऊन, 'कामिनोस दे आग्वा' या संस्थेच्या मदतीने, घरावरचे पावसाचे पाणी टाक्यांत साठवायला सुरुवात केली आहे. पावसाच्या पाण्याने खडक पाहिलेला नसतो, म्हणून त्यात फ्लोराइडही नसते आणि सोमलही नसतो. शेताला नाही, पण पिण्या-रांधण्याला तरी निर्धोक पाणी घरातच मिळते.

आपण काय घ्यावे?

मंडळी, ही गोष्ट आपल्यापासून दूर नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही गावांत फ्लोराइडचे दुखणे आहेच. म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली : आपल्या कूपनलिकेचे पाणी किती ऊन आहे ते मोजा. हिवाळ्याच्या सकाळी बोअरचे पाणी कोमट लागते, त्याने घाबरू नका. जमिनीतले पाणी बारा महिने सारख्याच तापमानाचे असते, हवा गार असल्याने ते आपल्याला ऊन वाटते. साधा तापमापक घेऊन, पंप अर्धा तास चालल्यावर, हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा मोजा आणि वहीत लिहून ठेवा. शेजारच्या उथळ विहिरीपेक्षा ते बारा महिने चार-पाच अंशांनी जास्त भरले, किंवा बोअर खोल नेल्यावर वाढले, तर तुम्ही जुन्या पाण्याला हात घातला आहे असे समजा.

दुसरी : अशा बोअरचे पाणी प्यायचे असेल तर आधी तपासून घ्या. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे किंवा ग्रामपंचायतीमार्फत पाणी तपासण्याची सोय होते. फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते, त्यापुढे नाही. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे दिसले तर 'दात घासत नाही' म्हणून त्यांना रागावू नका, आधी पाणी तपासा.

तिसरी : छपराचा हिशेब करा. पन्नास चौरस मीटरचे छप्पर आणि ५०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे २५,००० लिटर पाणी. पाचवा हिस्सा वाया गेला धरा, तरी २०,००० उरले. पाच माणसांच्या घराला पिण्या-रांधण्याला माणशी चार लिटर धरले तर वर्षाला लागतात ७,३०० लिटर. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्या, तोंडाला गाळणी लावा, टाकी अंधारी आणि झाकलेली ठेवा आणि पिण्याआधी पाणी उकळा.

चौथी, आणि सगळ्यांत अवघड : खोलीची शर्यत थांबवा. आपल्या राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा, खोल विहीर घेण्याला मनाई केली आहे. तरी गावोगाव सहाशे-सातशे फुटांची बोअरे होतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. कायद्याने एकट्याने भागत नाही, हे आतोतोनिल्कोच्या खोऱ्याने दाखवले आहे. गावाने बसून मार्चअखेर आपल्या विहिरींची पातळी मोजावी, फळ्यावर लिहावी, आणि ती पाहून उन्हाळी पिकाचे क्षेत्र ठरवावे. शेजारी खोल गेला म्हणून मीही जातो, या हट्टात आधी लहान शेतकरी बुडतो आणि मग सगळे गाव.

फादर आल्फारोंचे देवस्थान २५० वर्षे उभे आहे, आणखीही राहील. त्याच्या नावातले ऊन पाणी मात्र भिंती रंगवून टिकणार नाही. येत्या रविवारी दोरी आणि दगड घ्या, घरातल्या मुलाला बरोबर न्या आणि आपल्या विहिरीचे पाणी किती हातांवर आहे ते मोजा. आकडा तारखेसह त्याच्याच हाताने लिहून घ्या. पुढच्या वर्षी त्याच तारखेला तोच मुलगा पुन्हा मोजेल, तेव्हा पाणी वर आले की खाली गेले, हे त्याला कुणी सांगावे लागणार नाही.